बोलायची नोकरी

बी. कॉम. होऊन सहा महिने झाले होते आणि सुरतेत नवागामच्या आमच्या दोन खोल्यांत मी दुपारभर लोळत असायचो. अशाच एका रविवारी मामा हजीऱ्याहून माझ्यासाठी नोकरी घेऊन आले. तिथल्या एका प्लांटमध्ये ते ठेकेदाराकडे सुपरवायझर होते आणि त्यांच्या हाताखाली स्टोअरमध्ये एक जागा होणार होती. कंपनीची बस, कॅन्टीनचं जेवण, डोक्यावर पिवळी टोपी. टोपीचं वर्णन मामांनी असं केलं की मला फेटाच बांधणार होते जणू.

पंचाईत अशी झाली की त्याच आठवड्यात मीही एक नोकरी पटकावली होती. रिंग रोडवर तिसऱ्या मजल्यावर एक छोटी कंपनी होती, तिचं सॉफ्टवेअर कापड बाजारात विकायचं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. सॉफ्टवेअर हा शब्द मीही मुलाखतीच्या आदल्या दिवशी शिकलो होतो. आता तो घरी समजावून सांगायची पाळी आली.

"म्हंजे तू कॉम्प्युटर इकशी का?" मायने विचारलं.

"नाही. कॉम्प्युटरच्या आतलं. कुठली साडी कुठल्या गठ्ठ्यात आहे, कुठला गठ्ठा कुठल्या ट्रान्सपोर्टने कुठल्या गावाला गेला, हे शेठला लगेच सांगणारं."

"मंग दखाड ना कसं ऱ्हास ते."

"ते दिसत नाही."

मामा खो खो हसले. न दिसणारी वस्तू विकायला भाच्याला ठेवतात म्हणजे कंपनी पळून जाणार, हे त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. "आणि दिवसभर करशील काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बोलायचं. लोकांना भेटायचं आणि बोलायचं.

"बोलाना पगार देतस?" माय म्हणाली. "मंग माले काबर कोनी देत नही?"

शेवटी मामांनी मागच्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवरून काढलं, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मधोमध रेघ मारली आणि मला फायदे-तोटे लिहायला बसवलं. तोटे ते सांगत होते, फायदे मला शोधायला लागत होते. अर्धा पगार पक्का, अर्धा विक्री झाली तर: तोटा. उन्हात वणवण: तोटा. गळ्यात टाय: मी फायद्यात लिहिलं, मामांनी तोट्यात लिहायला लावलं. स्वतःचं नाव छापलेलं कार्ड: हा फायदा मी ठळक लिहिला, दोनदा गिरवून.

आबा, म्हणजे माझे वडील, हे सगळं मामांच्या तोंडाकडे टक लावून बघत ऐकत होते. ऐकत होते म्हणायचं एवढंच. वीस वर्षं पॉवरलूमवर काढल्यामुळे त्यांचे कान जवळजवळ गेले होते. लूमच्या कारखान्यात शंभर साचे, म्हणजे माग, एकदम खडखडतात, तिथे कुणी कितीही ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरच्याचे ओठ वाचतात. आबांना अहिराणी वाचता यायची, हिंदी यायची, गुजराती यायची आणि ओडिया कारागिरांच्या शिव्याही यायच्या. घरात याचा आम्हाला फार जाच होता. तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलं एक अक्षर त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही, त्यामुळे मायला काही कुरकुर करायची असली की ती चुलीकडे तोंड करून करायची. फायदाही होता. पाहुणे चिकटून बसले की आबा आणि मी त्यांच्यासमोरच, आवाज न काढता, ते कधी उठतील यावर चर्चा करायचो.

माझी यादी पुरी होत आली तेव्हा आबांनी मामांना एकच प्रश्न विचारला. "तठे प्लांटमा बी आवाज ऱ्हास का?"

"मशीन शे म्हंजे आवाज ऱ्हाईच ना," मामा म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ दे. त्याले बोलानीच नोकरी करू दे."

मामा चिडले, पण मायेचा माणूस. म्हणाले, तीन महिने मी जागा धरून ठेवतो, तेवढ्यात याच्याकडून एक तरी विक्री झाली तर ठीक, नाहीतर पिवळी टोपी. योगायोगाने माझ्या कंपनीच्या साहेबांनीही मला तीनच महिन्यांची मुदत दिली होती. ते पूर्वी दारोदार मिक्सर विकायचे, त्यामुळे त्यांना वाटायचं की सॉफ्टवेअरही भांड्यात काहीतरी घालून फिरवून दाखवता येतं.

कामाला लागल्यावर कळलं की कॅलेंडरवर आम्ही जे लिहिलं ते काहीच नव्हतं. खरे तोटे कुणाला माहीतच नव्हते. बाजारातल्या दुकानात पांढरी गादी असते आणि बूट बाहेर काढावे लागतात, त्यामुळे माझा शर्ट, टाय, कार्ड यांची सगळी ऐट भोकं पडलेल्या मोज्यापाशी संपायची. मी डावा अंगठा उजव्या पायाखाली लपवून अर्धा अर्धा तास उभा राहून बोलायचो. दुसरा तोटा सुरती शेठच्या गोडव्याचा. हा माणूस कधी नाही म्हणत नाही. चहा पाजतो, खमण मागवतो, घरी कोण कोण आहे विचारतो आणि शेवटी प्रेमाने म्हणतो, "दिवाळी पछी आवजो." नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात मी वहीत मोजलं, तर दिवाळीनंतर मला एकेचाळीस दुकानांत एकाच दिवशी जायचं होतं. दिवाळीला अजून सात महिने होते.

फायदे मात्र मनापासून सांगतो. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघताना गल्लीतल्या बाया माझ्याकडे बघायच्या. दर दुकानात चहा. दर दहा दुकानांमागे एक काचेची केबिन, तिच्यात एसी, आणि त्या एसीत बसायला मिळावं म्हणून मी सॉफ्टवेअरबद्दल जे जे बोललो ते आठवलं की आजही मान खाली जाते. आणि जीभ सुटली. घरी दोन वाक्यं धड न बोलणारा मी अनोळखी माणसाशी तासभर बोलायला लागलो, तेही गुजरातीतून. अहिराणी मी घराच्या उंबऱ्याशी चपलेबरोबर काढून ठेवायला शिकलो. बाजारात कुणी विचारलं कुठला, तर "अहींनोज" म्हणायचो, इथलाच. नवागामचं नाव काढायचो नाही.

तिसऱ्या महिन्याचे शेवटचे आठ दिवस राहिले आणि एका मोठ्या साडीवाल्या शेठने खरोखरच बोलावलं. दोघे भाऊ होते. अट एकच: आमच्या दुकानात, आमच्या डोळ्यांसमोर चालवून दाखवा. म्हणजे ऑफिसातला कॉम्प्युटर उचलून न्यायचा. त्या काळचा मॉनिटर म्हणजे चांगला गुबगुबीत प्रकार, एकट्याने नेण्यासारखा नव्हता. नेमका त्याच दिवशी ऑफिसचा शिपाई गावी गेलेला. त्या दिवशी आबांची सुट्टी होती. सकाळी ते काही न विचारता चप्पल घालून तयार झाले. मायने मॉनिटर गुंडाळायला गोधडी दिली.

रिक्षात मांडीवर मॉनिटर धरून आबा असे बसले होते की जणू नवरी आणायला निघालोत. बाजारात चार जिने चढलो. मी पुढे, हातात कॉम्प्युटरचा डबा आणि कीबोर्ड, गळ्यात टाय. ते मागे, घामाघूम. काचेच्या केबिनमध्ये त्यांनी मॉनिटर टेबलावर हळूच ठेवला, गोधडी घडी केली आणि बाहेर बाकावर, गठ्ठ्यांच्या शेजारी, काचेकडे तोंड करून बसले.

मी वायरी जोडत होतो. धाकट्या शेठने बाहेर बसलेल्या आबांकडे बघून सहज विचारलं, "बहार पेला काका कोण छे?"

आबांचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता आणि विजार घोट्याच्या वर गेली होती. मी वायरीतून मान वर काढली.

"ऑफिसनो माणस छे," मी म्हणालो.

एवढं बोलून मी लगेच कामाला लागलो. त्या दिवशी मी काय सुंदर बोललो! काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पळवली, गठ्ठे शोधून दाखवले, हरवलेला एक माल शोधून दाखवला जो मीच आदल्या दिवशी कॉम्प्युटरात हरवून ठेवला होता. थोरले शेठ मान डोलावत होते. मग म्हणाले, दोन मिनिटं बाहेर बसा, आम्ही बोलतो. मी बाहेर येऊन आबांशेजारी बसलो. काचेआड दोघे भाऊ बोलू लागले. आवाज अजिबात येत नव्हता.

आबा काचेकडे बघत शांतपणे म्हणाले, "मोठा म्हनस, चीज चांगली शे."

मी दचकून त्यांच्याकडे बघितलं. तोवर आबा पुढे वाचत होते.

"धाकला म्हनस, पोरगा बी चांगला शे. पन ह्या पोरं दोन महिनामा नोकरी सोडीसन पयी जातस. मंग बिगडनं तं कोनले धरानं?" मग आपल्याकडून म्हणाले, "चीज त्यास्ले पटनी. तुन्हाच भरोसा नही."

पुन्हा बोलावणं आलं तेव्हा मी आत गेलो आणि सॉफ्टवेअरबद्दल एक शब्द काढला नाही. मी कुठे जाणारा नाही, एवढंच सरळ सांगितलं. "शेठ, हुं क्यांय जवानो नथी. नवागाममां घर छे. मारा बापुजी वीस वरसथी अहीं लूम पर काम करे छे. एक कारखानो पण बदल्यो नथी." कार्डाच्या मागे घराचा पत्ता लिहून दिला. बिघडलं तर माणूस पाठवा, मी घरून उठून येईन.

थोरले शेठ पत्ता वाचत बसले. "वीस वरस एकज जग्याए?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी धाकट्याकडे बघितलं, आणि दिवाळीचं नाव न काढता ऑर्डरच्या कागदावर सही केली.

माझी पहिली विक्री. परतीच्या रिक्षात मी मूठ आवळून आवळून हसत होतो. आबाही हसत होते. घराजवळ त्यांनी जिलेबी घेतली, तीही मला पैसे न देऊ देता.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा मामाही आले होते, निकाल ऐकायला. आबांनी गोष्ट सांगायला घेतली. एरवी ते दहा शब्दांत दिवस आटोपणारे. त्या दिवशी रंगात आले. शेठ कसा "बेसो, बेसो" म्हणाला, त्यांनी चहा किती साखरेचा मागवला, मी कुठे अडखळलो, हिरवी अक्षरं पळाल्यावर धाकट्याने काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. काचेबाहेर बसून त्यांनी सगळं वाचलं होतं. दोघा भावांच्या नकला करून दाखवत होते. माय पदर तोंडाला लावून हसत होती.

"मंग ह्यानी सांगं," आबा मामांना म्हणाले, "मन्हा बाप वीस वरीसपाईन आठेच शे." आणि त्यांनी छातीवर थाप मारली.

माझा घास हातातच राहिला. कारण त्यांनी सगळं सांगितलं होतं, ओळीने, एकही वाक्य न गाळता. फक्त मी वायरी जोडत होतो तिथून ते थेट हिरव्या अक्षरांवर आले होते. मधला तो एक प्रश्न आणि माझं उत्तर त्यांच्या गोष्टीत नव्हतं. मी मान वर काढूनच बोललो होतो. माझे ओठ काचेतून त्यांच्यासमोरच होते.

मामांनी हार मानली. कॅलेंडर पुन्हा काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "लिही आते, फायदामा लिही. पहिली विक्री." मी पेन घेतलं. मला लाज वाटत होती, अशी की ताटाकडे बघवेना. ज्या माणसाने मला आवाजातून वाचवायला ही नोकरी करू दिली, त्याला मी तिच्यातल्या पहिल्याच यशाच्या दिवशी बाहेर बाकावर बसवून परका केलं होतं. मी रेघेच्या दुसऱ्या बाजूला, तोट्यांच्या खाली, पेन टेकवलं आणि न लिहिताच उचललं.

मामा जिलेबी खात होते. माय चुलीकडे वळली होती. मी आबांकडे बघितलं. आबा माझ्याचकडे बघत होते. तीन महिने बोलायचा पगार घेतला होता मी, पण ते वाक्य आवाजात निघेना. मग पाहुण्यांसमोर करायचो तसं केलं. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून, अहिराणीत म्हणालो: आबा, मन्हं चुकनं.

आबांनी ते वाचलं. थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणखी काही येतंय का म्हणून. मग माझ्या ताटात एक जिलेबी टाकली.

"जेवी ले," ते मोठ्याने म्हणाले.

मामांनी माझे ओठ हलताना बघितले होते. त्यांनी विचारलं, "त्यानी काय म्हनं?"

"काही नही," आबा म्हणाले. "भूक लागनी म्हने."