ब्रह्मा घाटावरची हार्ड डिस्क

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. ते आपोआप साठतात, आणि पुसायला बसावं तर एकही पुसवत नाही. बनारसमधल्या माझ्या चार वर्षांचं असंच झालंय. बँकेच्या बदलीवर गेलो आणि परत आणलं काय, तर एका कॉम्प्युटरचे किस्से! तोही बँकेचा नव्हे, ब्रह्मा घाटावरच्या एका वेदपाठशाळेचा.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. पाठशाळेने ग्रंथ छापण्यासाठी कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याच्याभोवती तीन माणसं होती. बाळकाका हे सेक्रेटरी. सात पिढ्या काशीतल्या, त्यामुळे मराठी बोलताना दर चौथा शब्द हिंदी. वैजू ही टायपिंग करणारी मुलगी, नुकतीच बी.ए. झालेली. आणि दादाशास्त्री, वय अठ्ठ्याहत्तर. ते सांगत, वैजू टाइप करी.

मी बँकेत कॉम्प्युटरवर बसतो हे बाळकाकांना कुठून तरी कळलं. मी बसून फक्त पासबुकं छापतो हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी ते थेट घरी आले.

"साहेब, मशीन म्हणते जागा नाही. काय आफत आहे, बघा तरी!"

जाऊन बघतो तर खोलीतलं कपाट बाहेर व्हरांड्यात काढलेलं आणि कॉम्प्युटर एका भल्यामोठ्या टेबलावर.

"हे काय?"

"पहिलं टेबल छोटं होतं ना," बाळकाका म्हणाले. "आता बघा किती जागा दिली. तरी तेच रडगाणं!"

*

जागा हार्ड डिस्कमध्ये नव्हती. कारण शोधायला मला दोन रविवार लागले, आणि कारण होतं बनारसची वीज.

लाइट दिवसातून चार-पाच वेळा जायची. मजकूर टाइप होत असताना लाइट गेली की काम अर्धवट तुटायचं. पुन्हा चालू झाल्यावर कॉम्प्युटर स्वतःची तपासणी करी आणि सापडलेले तुकडे नंबर घालून एकेका फाइलीत ठेवून देई. असे शेकडो तुकडे साठले होते. वैजूने ते पाहिले होते, पण "मशीनच्या फाइली आहेत, छेडायच्या नाहीत" म्हणून हात लावला नव्हता.

मी हे बाळकाकांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे लाइट गेली की मशीन मरते?"

"तसंच म्हणा."

"आणि हे तिचे पिंड?"

मी पडद्यावरची यादी सरकवत राहिलो.

"मग पिंड कोणी घरात ठेवतं का, साहेब? गंगेत सोडून द्या!"

*

दादाशास्त्रींचं काम काय होतं ते इथे सांगायला हवं. काशीतल्या मराठी घरांत विधी कोणत्या पद्धतीने चालतात, त्याची एक पोथी त्यांच्या वडिलांनी हाताने लिहिली होती. तिला वाळवी लागली, तेव्हा शास्त्रींनी ती रीतीप्रमाणे गंगेत सोडली. जीर्ण पोथी रद्दीत घालत नाहीत, गंगेला देतात. शास्त्री तेव्हा अठरा वर्षांचे होते. सगळी पोथी तोंडपाठ होती, त्यामुळे गेल्याचं काही वाटलं नाही.

आता तीच पोथी ते आठवून सांगत होते, कारण डोळ्यांत काचबिंदू झाला होता. उजवा डोळा गेला होता आणि डावा फार तर वर्षभर टिकेल असं डॉक्टर म्हणाले होते. त्या वर्षात बाबांची पोथी पुस्तक झालेली स्वतःच्या डोळ्याने वाचायची, एवढीच त्यांची इच्छा होती. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, तेही "चहा साखरेचा की बिनसाखरेचा?" या सुरात.

स्मरणशक्ती अशी की तीन-तीन तास सांगत, कुठे अडखळणं नाही. फक्त श्रावणीच्या प्रकरणात एका जागी थांबले. तिथे बाबांनी समासात तांबड्या शाईने दोन ओळी लिहिल्या होत्या. शाई तांबडी होती हे आठवत होतं, पण ओळी काही केल्या आठवेनात.

"वैजू, इथे दोन ओळींची जागा सोड."

"दादा, मशीनमध्ये जागा नाहीये," वैजू म्हणाली.

"दोन ओळींची पण नाही?"

*

तुकडे काढून टाकले तरी महिन्याभरात डिस्क पुन्हा भरली. या वेळी दोष कॉम्प्युटरच्या स्वभावाचा निघाला. त्याची मेमरी इतकी तोकडी होती की काम करता करता लक्षात न मावलेलं तो डिस्कवर एका लपवलेल्या फाइलीत उतरवून ठेवी. ती फाइल फुगत फुगत सगळी डिस्क खाई.

हे मी शास्त्रींच्या देखत सांगण्याची चूक केली.

"म्हणजे लक्षात राहत नाही म्हणून लिहून ठेवतो?"

"हो."

शास्त्रींनी कॉम्प्युटरकडे नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. "पाठांतर नाही! पाठांतर नसलं की पोथ्या वाढतात. आमच्याकडे असल्या मुलाला घरी पाठवतात."

मी म्हटलं, घरी पाठवायची गरज नाही, मेमरीची एक पट्टी घातली की भागेल. बाळकाकांनी ती दिल्लीहून मागवली. पट्टी बसवली त्या दिवशी ते दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आज मशीनचं पाठांतर वाढलं!"

*

तरीही जागा कमीच पडायची, कारण इथे कोणी काही पुसतच नव्हतं. एकेका प्रकरणाच्या चौदा-चौदा चुकीच्या प्रती तशाच पडून. वैजूला विचारलं तर ती शास्त्रींकडे बघायला लागली.

पुसलेलं कुठे जातं ते दाखवायला मी पडद्यावरच्या एका छोट्या चित्रावर बोट ठेवलं. शास्त्रींनी विचारलं, "ते काय आहे?"

"कचऱ्याची टोपली. नको असलेलं त्यात टाकायचं."

"मंत्र? कचऱ्याच्या टोपलीत?"

बिलकुल होणार नाही, असं बाळकाकांनीही ठणकावलं. बनारसमध्ये वाद घालायचा नसतो, तिथली लहान मुलंही वाद जिंकतात. मी आत शिरून थोडी खटपट केली आणि टोपलीचं नाव बदललं. 'गंगा'. चित्र टोपलीचंच राहिलं, पण शास्त्रींना तेवढं बारीक दिसत नव्हतं.

त्या दिवसापासून विसर्जन जोरात सुरू झालं. वैजू एकेक जुनी प्रत उचलून गंगेत सोडी आणि शास्त्री मागून हात जोडत. बाळकाकाही माउस धरायला शिकले. आठ दिवसांनी बघतो तर डिस्क भरलेलीच!

"टोपलीत टाकलेलं टोपलीतच राहतं," मी समजावलं. "टोपली मधूनमधून रिकामी करायची असते."

वैजूने माउसवरचा हात काढून घेतला.

"गंगा रिकामी करायची?" बाळकाकांनी विचारलं.

तिघांपैकी कोणीही ते बटण दाबायला तयार होईना. शेवटी ते पाप माझ्याकडे आलं. दर शनिवारी बँक सुटली की मी ब्रह्मा घाटावर जाऊन गंगा आटवत असे. त्या दोन मिनिटांत शास्त्री पाठ करून खिडकीबाहेरच्या खऱ्या गंगेकडे बघत बसत.

*

शेवटचा किस्सा गुरुवारचा आहे. पुस्तक पुरं झालं होतं. शुक्रवारी प्रेसचा माणूस येऊन सगळं घेऊन जाणार होता. दुपारी बँकेत बाळकाकांचा फोन आला. आवाज असा की मी अर्धी रजा टाकून धावतच गेलो.

झालं होतं ते असं. वैजूने पुस्तकाची पक्की प्रत एका फोल्डरमध्ये ठेवून त्याला नाव दिलं होतं 'अंतिम'. सकाळी ती देवळात गेली असताना प्रेससाठी जागा करून ठेवावी म्हणून बाळकाका मशीनवर बसले, आणि त्यांना ते फोल्डर दिसलं.

"अंतिम म्हणजे मला वाटलं आटोपलं त्याचं! म्हणून सोडून दिलं गंगेत," ते म्हणाले. फ्लॉपीवर नक्कल होती, पण निम्म्याच पुस्तकाची.

मी म्हटलं, "घाबरू नका. शनिवार अजून यायचाय. दोन मिनिटांत परत काढतो."

"नको," शास्त्री म्हणाले. "गंगेला दिलेलं परत घेत नाहीत. वैजू, बस. पहिल्यापासून सांगतो."

पहिल्यापासून म्हणजे अकरा महिने! डावा डोळा तोवर टिकण्याची आशा नव्हती. मला स्वतःचा भयंकर राग आला. 'गंगा' हे नाव मी ठेवलं होतं, केवळ आपलं काम सोपं व्हावं म्हणून. मी सांगून पाहिलं की ही खरी गंगा नव्हे, नुसतं नाव आहे. शास्त्री म्हणाले, "संकल्पात पण गंगेचं नुसतं नावच घेतो आपण."

वैजू रडतच होती, पण एकदम म्हणाली, "दादा, रोज सकाळी तुम्ही गंगेतून लोटा भरून आणता ना? ते कसं चालतं?"

शास्त्रींनी विचार केला. मग म्हणाले, "हे शास्त्राला धरून आहे. काढा."

त्यांनी आधी आचमन केलं, बाळकाकांनाही करायला लावलं. मी गंगा उघडली, 'अंतिम' शोधलं आणि परत जागेवर नेऊन ठेवलं. वैजूने उघडून दाखवलं. पहिलं पान, शेवटचं पान, श्रावणीचं प्रकरण, सगळं होतं. बाळकाकांनी पडद्याला हात जोडले.

शास्त्री मात्र खुर्ची पुढे ओढून, मान तिरपी करून डाव्या डोळ्याने पडद्याकडे बघत होते.

"म्हणजे सोडलेलं आत असतं."

"असतं."

"कुठवर?"

"कोणी रिकामी करेपर्यंत."

"मग जरा आणखी खाली बघा," ते म्हणाले. "साठ वर्षं झाली. बाबांची पोथी असेल."

मी समजावायला तोंड उघडलं. वैजूने मान हलवून मला गप्प केलं.

"बघा तरी," शास्त्री म्हणाले. "दोन ओळींची जागा मी सोडलेलीच आहे."