भैय्यांच्या कार्यालयातला गरजणारा कॉम्प्युटर

अंथुर्ण्याच्या स्टँडसमोर संजीवनीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. सासर भाजीपाल्यावालं. लग्नानंतर ती बारामतीला जाऊन हे काम शिकली तेव्हा गाव हसलं होतं. आता तेच गाव बंद पडलेले लॅपटॉप पिशवीत घालून तिच्या दारात उभं राहतं.

एकदा तिला इंदापूरहून बोलावणं आलं. युवा नेते रविराजभैय्यांच्या संपर्क कार्यालयात नवा कॉम्प्युटर आला होता. काचेची पेटी, आत रंगीत दिवे आणि नळ्यांतून खेळणारं पाणी. एवढ्या दांडग्या यंत्रावर काम एकच चालायचं : भैय्यांचे बॅनर. पंखे मात्र असे गरजायचे, की मळणीयंत्राशेजारी बसल्यासारखं वाटावं.

"ताई, आवाज तेवढा घालवा. फोनवर वरच्या साहेबांचं काय बी ऐकू येत न्हाय," भैय्या म्हणाले.

संजीवनीनं पाहिलं. पंप आणि सातही पंखे, सगळं फुल्लवर.

"एवढी गरज न्हाय, भैय्या. पंप एका बेतानं चालू द्यायचा. पंखं पाण्याच्या उष्णतेवर जोडते. पाणी तापलं तरच त्यांचा वेग वाढंल."

"पण कमी केल्यालं लोकांना कळंल का?"

"दिवं तसंच ऱ्हातील की."

दिवे राहणार म्हटल्यावर परवानगी मिळाली. तासाभरात कार्यालय इतकं शांत झालं, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

दोनच दिवसांत भैय्यांचा फोन. "ताई, परत फुल्ल करा."

"का वो?"

"आधी त्या आवाजात काय बी ऐकू यायचं न्हाय, मी नुसती मान हलवायचो, लोकं समाधानानं जायची. काल तुमच्याच गावच्या फुलाबाईनं अर्धा तास कालव्याच्या चारीला पाणी न्हाय म्हणून ऐकवलं. वर म्हणती, ऐकलंसा न्हवं, आता सांगा!"

संजीवनीला हसू आलं, पण गिऱ्हाईक मोठं. तिनं जाऊन सोय करून दिली. स्क्रीनवरचं एक बटण दाबलं की शांत, दुसरं दाबलं की गर्जना. दुसऱ्याला भैय्यांनी स्वतः नाव दिलं, 'जनता दरबार'. परतताना एसटीत तिला डोळ्यांसमोर सारखी फुलाबाईची वाळत चाललेली टोमॅटोची रोपं दिसत राहिली.

पुढच्या सोमवारी ती प्रिंटर बघायला गेली, तेव्हा दरबार भरलेला. पंखे गरजत होते आणि फुलाबाई घसा ताणून ओरडत होती, "चारीचं दार अडकलंय! चार हेलपाटं झालं!"

"व्हय, व्हय, बघतो," भैय्या मान हलवत होते.

संजीवनीनं प्रिंटरवरचा हात माऊसवर नेला आणि पहिलं बटण दाबलं. पंखे खाली बसले. त्या शांततेत फुलाबाईचा एकच शब्द खोलीभर घुमला.

"कधी?"

वीसेक माणसं भैय्यांकडं बघायला लागली. भैय्या संजीवनीकडं.

"पाणी गार हाय, भैय्या," ती म्हणाली. "उगं पंखं झिजत्यात."

आता करणार काय? भैय्यांनी सगळ्यांदेखत पाटबंधारे खात्याच्या अभियंत्याला फोन लावला. तिसऱ्या दिवशी दार मोकळं झालं आणि फुलाबाईच्या वाफ्यात पाणी आलं.

चौथ्या दिवशी अंथुर्ण्याच्या स्टँडवर भैय्यांचा बॅनर लागला : 'आमचे आधुनिक भगीरथ'. नेमका संजीवनीच्या दुकानाच्या पाटीवर. पंधरा दिवस परगावची गिऱ्हाइकं दुकान शोधत फिरत होती. फुलाबाई तेवढी बॅनरखालून वाकून आत आली, शिळ्या पेपरात गुंडाळलेली भाकरी-चटणी टेबलावर ठेवली आणि म्हणाली,

"पोरी, ह्यो भगीरथ कोण गं? चारीवर तर मला कुणी दिसला न्हाय."