सहीवाल्या प्रेमलाबाई

पालघरच्या समाजकार्य महाविद्यालयात प्रेमला तांडेल चोवीस वर्षं युवक आणि वस्तीकार्य हा विषय शिकवत होत्या, आणि चोवीस वर्षांत त्यांनी एकाही विद्यार्थ्यावर पहिल्या फटक्यात विश्वास ठेवला नव्हता. त्याला कारणही होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी बोईसरच्या एका दिवट्याने वस्तीभेटींची अख्खी डायरी कॅन्टीनमध्ये बसून लिहिली आणि वर्षापूर्वी वारलेल्या म्हाताऱ्याची सविस्तर मुलाखत रंगवली. दुधाने तोंड पोळलं, बाई ताकही फुंकून पिऊ लागल्या. तेव्हापासून नियमच झाला: ज्याला भेटाल त्याची डायरीत सही घ्या, नाहीतर अंगठा. सही नाही, तर गुण नाहीत. किनाऱ्यावरच्या मुरबे गावाहून आलेली वही बाई नाकाशी धरून सुकटीचा वास येतो का, तेही बघत. मुलं मागे हसायची. हसू देत.

मुरबे म्हणजे बाईंचं माहेर. त्या गावातून एवढं शिकलेल्या त्या पहिल्याच. यंदा त्यांची विद्यार्थिनी, मासवणकडच्या पाड्यावरची चिमी, तिथे काम करत होती. तीन महिन्यांची डायरी भरगच्च होती, पण सही एकही नाही. विचारलं तर खाली बघायची. "घेते मॅडम," एवढंच. इथे पाणी मुरतंय, हे बाईंनी ओळखलं. आठवड्याने अहवाल विद्यापीठाकडे जायचा होता. पोरीचं वर्ष बाईंच्या पेनाच्या टोकावर होतं.

सोमवारी बाई न कळवता निघाल्या. खाडी ओलांडायच्या सातपाटीच्या तरीवर, त्या होडीत, कुणी ओळखीचं भेटलं असतं, म्हणून बोईसरचा वळसा घालून रिक्षाने गेल्या. स्वतःच्या माहेरी चोरासारख्या.

चिमी तिथेच होती. बोंबील वाळत घालायच्या जागेवर, ओढून ठेवलेल्या होडीशेजारी, आठ-दहा बायकांत बसून दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकत होती. शेजारी गावातल्या तीन तरुण मुली अभ्यासवर्गाची वेळ ठरवत होत्या. डायरीत लिहिलेलं सगळं खरं होतं.

बाईंना पाहिलं आणि बोलणं बंद पडलं. गावात आपण आलो की असंच होतं, मान देतात लोक, असं त्या इतकी वर्षं समजत होत्या.

"सही का नाही घेतलीस गं?" त्यांनी चिमीला विचारलं.

उत्तर काशीबाईने दिलं, बाईंच्या सख्ख्या चुलतीने. "सया तुज्याच पोरानं नेल्या ना, प्रेमे. आता आमी कोनाला देत नाय."

"कोण पोरगा?"

"तो विपुल, तुज्या कॉलेजातला. च्यार वर्सांमागं शिबिर घेतलेलं, आठवतं? हजेरीच्या नावानं सया घेतल्या. मंग जेट्टीवाल्या कंपनीत लागला. आमाला नको त्या जेट्टीच्या सुनावनीला तेच कागद कंपनीच्या साहेबानं दाखवले, म्हने गावाची संमती हाय. माजा अंगठा पन त्याच्यात."

विपुलला त्यांनीच सर्वांत जास्त गुण दिले होते. का, तर त्याच्या डायरीत सगळ्यात जास्त सह्या होत्या.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

काशीबाईने हातातला बोंबील टोपलीत टाकला. "तुला ठावं नसंल, ह्ये कसं कळावं आमाला?"

चार वर्षं. या चार वर्षांत बाई सणासुदीला आल्या, जेवल्या, डबा घेऊन गेल्या, आणि त्यांच्यासमोर गावाने एक कामाची गोष्ट केली नाही. चिमीला मात्र पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, हेही काशीबाईनेच ऐकवलं. आणि मॅडमना वाईट वाटेल म्हणून ही पोर वर्ष घालवायला बसली होती! बाईंना स्वतःची विलक्षण लाज वाटली. त्यांनी तिथल्या तिथे डायरी मागून घेतली, प्रत्येक भेटीखाली "गावात जाऊन खात्री केली" लिहून स्वतःची सही केली आणि वही चिमीच्या हातात दिली. मग पदर खोचून टोपलीजवळ बसू लागल्या.

"थांब," काशीबाई म्हणाली. "ती पर्स आदी तिकडं ठेव. होडीत. कागद असतात तुज्याकडं."

चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या हुंगणाऱ्या बाई मुकाट्याने उठल्या. पर्स होडीत ठेवून आल्या आणि बसल्या. बोंबलाचा जबडा त्यांच्या हाताला काही केल्या अडकेना.

काशीबाईने मदत केली नाही. ती होडीतल्या पर्सकडे बघत होती.