पंपाची नळी

मूर्तिजापूरच्या शाळेसमोर गुलाम नबीचं सायकलीचं दुकान होतं. दुकान कसलं, सूर्यभान शेटच्या घराचा ओटा, उलट्या उभ्या केलेल्या दोन सायकली आणि हवेचा पंप. कोणाची सायकल कुणाच्या दारात थांबते हे त्याला ठाऊक, आणि त्याच्याकडून अख्ख्या गल्लीला. पण बासष्टच्या उन्हाळ्यात त्याच्याच पायाखालचा ओटा गेला, ती खबर त्याला सगळ्यांत शेवटी लागली.

"तू अकोल्याले जाऊन राहिला म्हणे," शेट म्हणाला. "मंग देल्ली जागा दुसऱ्याले. पयल्या तारखेले ओटा खाली कर."

अकोल्याहून मुलगी अकीला आपल्याला राहायला बोलावते, पण आपण जात नाही, हे तो एकट्या नत्थुजीजवळ बोलला होता. नत्थुजी म्हणजे जिगरी, एका बिडीतला भागीदार. शंका आली, ती गुलाम नबीनं थुंकून टाकली.

दुसऱ्या दिवशी पोरं आली. मास्तरांनी छाती ऐकायचं यंत्र करून आणायला सांगितलेलं. गुलाम नबीनं रॉकेल ओतायची पत्र्याची चाडी, म्हणजे नरसाळं, पुसली, रुंद तोंडावर फुटक्या फुग्याचं रबर ताणून सुतळीनं बांधलं. नळी कुठून आणायची? पंपाचीच काढून चाडीच्या पोकळ दांडीला बसवली. मैना नावाची चुणचुणीत पोरगी डाक्टरीण झाली.

तेवढ्यात हवा गेलेली सायकल ढकलत नत्थुजी आला.

"पाह्य वं बाई, जीव हाये का पाह्य," म्हणत तो ऐटीत छाती काढून बसला.

"हाये. म्हशीवानी हळू चालते."

पोरं खिदळली. हसता हसताच गुलाम नबीनं विचारलं, "नत्थू, ओटा कोनाले देल्ला रे शेटनं?"

"मले काय मालूम?"

मैनानं नळी कानाशी घट्ट दाबली. "चाचा, आता तं बैल उधळल्यावानी पळून राहिलं."

या वेळी कोणी हसलं नाही. नत्थुजीनं चाडी बाजूला सारली. आपलंच काही चुकलं असं मैनाला वाटलं.

"साळा हाये माहा, बायकोचा भाऊ," तो खाली पाहत म्हणाला. "घरी बसून होता. तुले पोरगी तरी बोलावते, गुलाम."

"मांगतला असता तं अर्धा ओटा देल्ला असता."

नत्थुजी उठला, सवयीनं पंपाकडं वळला.

"त्याले नळी नाई," गुलाम नबी म्हणाला. "पोरायच्या कामात हाये. साळ्याचं दुकान लागू दे, तिथं भर हवा."

रिकामं चाक दगडांवर खडखडवत नत्थुजी गेला. मैना नळी काढायला लागली.

"राहू दे बेटी. मास्तराले दाखव."

मग त्यानं बिडी पेटवली, अर्धी ओढली आणि उरलेली सवयीनं शेजारी धरली. तिथं कोणी नव्हतं.