अर्ध्या डोक्याची परीक्षा

माझा आतेभाऊ सिन्नरच्या एका कारखान्यात माल तपासायचा. पारखल्याशिवाय काही घ्यायचाच नाही. दोन हजार नऊ-दहाच्या सुमारास त्याचे केस विरळ व्हायला लागले, तेव्हा मी त्याला नाशकातल्या एका दवाखान्यात नेलं.

डॉक्टर ऐटीत म्हणाले, "तुमचंच रक्त काढून यंत्रात फिरवायचं आणि त्यातला कामाचा भाग सुईनं टाळूत सोडायचा. केस येणारच!"

"मग फक्त डावीकडे द्या," भाऊ म्हणाला. "उजवीकडे हात लावू नका. फरक कळेल."

डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं, पण गिऱ्हाईक सोडलं नाही. भावानं ओठ आवळून त्या सुया सोसल्या. काही महिन्यांनी आरशात पाहिलं, तर दोन्ही बाजू सारख्याच उजाड.

"औषध पसरतं हो," डॉक्टर निर्लज्जपणे म्हणाले, "म्हणून दोन्हीकडे सारखं दिसतंय."

"पसरलं असेल. पण उगवलं कुठंय?"

यावर त्यांनी आणखी सुया सुचवल्या. भाऊ सरळ उठून बाहेर आला. बाकावरच्या एका तरुणानं दबक्या आवाजात विचारलं, "गुण येतो का हो?"

भावानं त्याच्यापुढे डोकं वाकवलं.