सरांना घास जायचा नाही

भोयर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑपरेशनसाठी हात धूत होते. फोन सिस्टरने माझ्या कानाशी धरला होता. सक्करदऱ्याच्या तलावाकडे फिरायला गेलेले सर वाटेतच कोसळले, परतलेच नाहीत... आत पेशंट टेबलावर होता. मी ऑपरेशन पूर्ण केलं. पण अडलं तर विचारायला आता कोणी नाही, हा विचार तेव्हापासून सुटलेला नाही.

सर्जरी शिकायला आम्ही तिघं त्यांच्या हाताखाली होतो. रक्ताची धार उडाली तरी सरांचा आवाज चढायचा नाही. भाजीचा भाव विचारावा तसं म्हणायचे, "चिमटा दे गा, काहून थांबला?" त्यांच्यापुढे आपले हात थरथरतात याचीच लाज वाटायची. सर्जनचं काळीज वेगळं असतं, ते आपल्याकडे नाही, असं ठरवून एक जण एक्स-रेकडे गेला, दुसरा त्वचारोगाकडे. सर चिडले. "आजकालच्या पोरायले आराम पाहिजे." मला ते तेव्हाही पटलं नाही. ते दोघं आरामाला भुलले नव्हते, घाबरले होते. मी टिकले ती निव्वळ हट्टाने, दर ऑपरेशनआधी बाथरूममध्ये ओकून.

तेराव्याला सरांच्या पत्नी मला स्वयंपाकघरात घेऊन बसल्या. "ऑपरेशनच्या दिवशी त्यायले सकाळी घास जात नव्हता वं. हात असे थरथरायचे, शर्टाची बटनं मीच लावून द्यायची."

"काकू, शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

मला सरांचा राग आला, मग रडू आलं. एवढं एकदा आम्हाला सांगितलं असतं तर...

आता माझ्या हाताखाली कुही गावची प्राची शिकते आहे. हात चांगला आहे. परवा म्हणाली, "मॅडम, मी सर्जरी सोडून राहिली. भीतीनं झोप नाही येत मले." मी तिला सगळं सांगितलं, सरांचं आणि ओकण्यासकट माझंही.

"मंग ही भीती कधी जातच नाही का?"

"नाही."

खरं सांगून मी तिला थांबवलं की घालवलं, याची मला धास्ती होती. काल सकाळी आतड्याचं ऑपरेशन होतं. कॅन्टीनमध्ये ती माझ्यासमोर येऊन बसली. दोघींपुढचे तर्रीपोहे गार झाले, आणि आम्ही तशाच उठून आत गेलो.