हात घालायचा नाही

बत्तीस वर्षं टाकीकाकांनी लोकांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या धुतल्या. खरं नाव बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागे, इतकं ते टाकीकाका होऊन गेले होते. आतल्या भिंतीवर हिरवा ठिपका दिसला की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. धुतलेली टाकी ते पुन्हा एकदा धुवायचे, तेवढंच मनाचं समाधान. अशा माणसाने म्हातारपणी काचेची टाकी आणून तिच्यात मुद्दाम हिरवळ वाढवायला घ्यावी, याला काय म्हणावं?

पण कारण तसंच होतं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले, तरी त्या पलंग सोडायला तयार नव्हत्या. वॉकर धरून बाथरूमपर्यंत जायच्या, तेही कुरकुरत. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, आणखी महिनाभरात चालायला लागल्या नाहीत तर गुडघा कायमचा आखडेल. काका विनवून विनवून थकले. काकूंचं एकच, "चालून जायचं कुठे? बाग होती तोवर जायला जागा होती." तळमजल्यावरचं घर सोडून दोघं तिसऱ्या मजल्यावर आली, तेव्हा काकूंची झाडं सुटली होती. या खोलीत ऊन औषधालासुद्धा येत नव्हतं.

मग काकांनी माशांच्या दुकानात पाण्याखाली वाढलेली झाडं पाहिली. वर दिवा लावला की झालं, उन्हाचं कामच नाही. पलंगावरून दिसेल अशी समोरच्या भिंतीशी दोन फुटी टाकी बसली.

"खाली माती, वर जाड वाळू, मग झाडं रोवा," दुकानदाराने समजावलं होतं. "दिवा रोज सात-आठ तास. आणि चार आठवडे आत हात घालायचा नाही. मासेही इतक्यात नाहीत. आधी जंतू वाढू द्या."

"जंतू?" काकांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"चांगले असतात ते. टाकीतल्या पाणी गाळायच्या गाळणीच्या स्पंजात घर करतात, माशांची घाण तेच निस्तरतात."

आयुष्यभर ज्यांना मारलं त्यांनाच आता पाळायचं होतं. काका मान डोलावून घरी आले खरे, पण पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या दिवशी पाणी गढुळलं, पाचव्या दिवशी पानं गळायला लागली आणि काकांनी सगळी टाकी उपसली. स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतला, काच लखलखीत केली, झाडं उपटून पुन्हा रोवली. आठवड्याने परत तेच.

शेवटी त्यांनी दुकानदाराला फोन लावला. कान जरा कमी, म्हणून स्पीकरवर. "काका, तुम्ही टाकी लावताय की धुताय?" तो म्हणाला. "जुनी पानं गळणारच. मुळं धरू द्या, नवी येतील."

पलंगावरून काकू कडाडल्या, "रोप लावल्यावर रोज उपटून मुळं बघतात का हो? माझ्या बागेत असं केलं असतंत तर घराबाहेर काढलं असतं तुम्हाला." कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज असा चढला होता. काकांना बोलणी बसली, पण बरं वाटलं.

त्या दिवसापासून काकूंचा पहारा सुरू झाला. काका टाकीशी उभे राहिले की पलंगावरून खाकरणं ऐकू यायचं. दहा दिवस काका अगदी शहाण्यासारखे वागले. अकराव्या दुपारी काकूंचा डोळा लागलेला होता आणि काचेच्या कोपऱ्यात हिरवट थर दिसला. जित्याची खोड ती. काकांनी बाही वर केली, घासणी घेतली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

"अहो, हात बाहेर."

आवाज पलंगाकडून आला नव्हता. कानाशीच आला होता. काकांनी वळून पाहिलं तर काकू त्यांच्या खांद्याला धरून उभ्या होत्या. वॉकर तिकडे पलंगाशीच राहिला होता. मधे चांगली दहा पावलं होती.

"तो बघा, बुडाशी नवा कोंब," काकू काचेला नाक लावून म्हणाल्या. "चिमुकला आहे, हो. आणि तुम्ही त्यालाच खरवडायला निघाला होतात. दिसतोय ना?"

"दिसतोय," काका म्हणाले. ते वॉकरकडे बघत होते. डोळे भरून आले होते आणि ओल्या हाताने पुसताही येईनात.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी काकांनी पुन्हा बाही वर केली. काचेवर घासण्यासारखं काहीही नव्हतं. पाण्यापासून चार बोटं वर हात धरून ते उभे राहिले आणि काकूंना ऐकू जाईल असे खाकरले.

मागे पलंग करकरला.